सरड्याच्या पिंजऱ्यातलं पाणी

नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका मित्राची नोकरी गेली आणि व्हिसाच्या नियमातल्या साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही, म्हणून तो पुण्याला परत निघाला. अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलमध्ये असं कुणी निघालं की त्याचा संसार आसपासच्या घरांमध्ये वाटला जातो. सोफा एकाकडे जातो, मिक्सर दुसरीकडे, लोणच्याच्या बरण्या तिसरीकडे. आमच्या वाट्याला सरडा आला.

एका रविवारी सकाळी मित्र त्याला घेऊन आला. सरडा बुटांच्या खोक्यात, खोक्याला पेन्सिलीनं पाडलेली भोकं, आणि त्याचा चार फुटी पिंजरा गाडीत सीट पाडून आडवा ठेवलेला.

"वहिनी, कुत्रं असतं तर विमानातून नेलं असतं," तो म्हणाला. "याची परवानगी काढणं म्हणजे माझ्या व्हिसापेक्षा अवघड काम. राहू दे तुमच्याकडे. सध्या तरी."

माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. ती हात मागे बांधून उभी राहिली आणि खोक्याकडे बघत म्हणाली, "डझ ही बाइट?"

"चावत नाही. रुसतो फक्त," मित्र म्हणाला आणि त्यानं झाकण उघडलं.

हिरवागार, वीतभर लांब, डोक्यावर उभी टोपी घातल्यासारखा उंचवटा. एक डोळा मुलीकडे फिरला, दुसरा माझ्याकडे. आमच्या अमरावतीकडे शेताच्या बांधावर याचा भाऊबंद कधीमधी दिसायचा, त्याला घोयरा म्हणायचे. हा येमेनकडच्या जातीचा, पण जन्मलेला फ्लोरिडात. मित्रानं त्याला बोटावर घेतलं, तेव्हा त्यानं चिमट्यासारखी बोटं आवळून इतकी घट्ट पकड घेतली की मित्राला ती सोडवायला वेळ लागला. का कुणास ठाऊक, त्यानं घाईही केली नाही.

जाण्यापूर्वी त्यानं सगळं समजावून सांगितलं. वरून उष्णतेचा दिवा. खायला जिवंत रातकिडे, म्हणजे क्रिकेट्स. आणि पाणी दिवसातून चार वेळा, फवाऱ्यानं, पानांवर.

"वाटीत ठेवलं तर?" मी विचारलं.

"वाटीतलं पाणी त्याला पाणी वाटतच नाही, वहिनी. शेजारी भरलेली वाटी असली तरी तहानेनं मरेल. पानावरून लोंबणारा थेंब हललेला दिसला की मगच त्याला कळतं, हे पाणी आहे."

हे वाक्य माझ्या डोक्यात दिवसभर फिरत राहिलं. मी अमरावतीच्या एका ज्युनियर कॉलेजात अकरा वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. इथं आल्यापासून नवऱ्याच्या व्हिसावर होते, कामाच्या परवानगीचा अर्ज पडून होता, आणि हाताला काम नव्हतं. पण एखादी गोष्ट तशी का होते हे बघत बसायची सवय गेली नव्हती. त्या दिवशी दुपारी मी पहिल्यांदा पिंजऱ्यातल्या मनीप्लँटवर पाणी फवारलं आणि स्टूल घेऊन समोर बसले. पाच मिनिटं सरडा हललाच नाही. मग एका पानाच्या टोकाला थेंब जमला, थरथरला. सरड्याचा उजवा डोळा तिकडे वळला, मग डावा. मग तो डुलत डुलत पुढे सरकला आणि त्यानं तो थेंब जबड्यात घेतला. मी मुलीला हाक मारली आणि आम्ही दोघी त्याचं पाणी पिणं बघत राहिलो. तो एकेक थेंब चावल्यासारखा पीत होता.

पाणी देणं हे असं सोपं आणि बघायला गमतीचं होतं. पंचाईत होती ती दिलेलं पाणी घालवण्याची.

पिंजरा म्हणजे ॲल्युमिनियमची चौकट, चारही बाजूंना बारीक जाळी, आणि तळाला एक पांढरा प्लास्टिकचा पत्रा. चार वेळा फवारलेलं पाणी सगळं त्या पत्र्यावर येऊन साचायचं. मित्रानं तळाला टॉवेल अंथरला होता, रोज बदलायचा. मीही तसंच केलं. पण एकट्या माणसानं रोज टॉवेल बदलणं आणि तीन माणसांच्या घरात रोज तो धुणं यात फरक आहे. दोन आठवड्यांत दिवाणखान्यात ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला. क्रिकेट्स टॉवेलच्या घड्यांत शिरून बुडून मरायचे. बारीक चिलटं झाली. मुलीनं इंटरनेटवर वाचून काढलं की सतत ओल राहिली तर सरड्याच्या फुप्फुसांना संसर्ग होतो, दोन फवारण्यांच्या मधे पिंजरा कोरडा झालाच पाहिजे.

"सो ही नीड्स रेन, अँड देन नो रेन," ती म्हणाली.

नवऱ्यानं एका शनिवारी ड्रिल काढलं आणि पत्र्याला भोकं पाडली. मोजून चोवीस, सरळ दोन रांगांत. खाली केक भाजायचा मोठा ट्रे ठेवला. पिंजरा खिडकीजवळच्या बुटक्या टेबलावर, टेबलाखाली कार्पेट. त्यानं हात झटकले आणि म्हणाला, "झालं. यात एवढं काय होतं?"

मी ट्रे बघत होते. सकाळी फवाऱ्याच्या बाटलीत मापून चार कप पाणी भरायचे, रात्रीपर्यंत ती संपायची. ट्रेमध्ये मिळायचं एक कप, कधी सव्वा. सरडा पिऊन पिऊन किती पिणार? थोडं पानांवर राहतं, थोडं हवेत जातं. मी हिशेब तसाच सोडून दिला. प्रयोगशाळेत एखाद्या मुलीनं असा हिशेब सोडला असता तर मी तिला परत उभं केलं असतं.

ऑगस्टमध्ये आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या छतावर डाग पडला.

त्या सत्तरीच्या होत्या, एकट्या राहायच्या. तीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली होती. जिन्यात भेटल्या की "हाउ आर यू, हनी" म्हणायच्या, त्यापलीकडे ओळख नव्हती. त्यांनी लीझिंग ऑफिसला, म्हणजे भाडेकरार बघणाऱ्या ऑफिसला, कळवलं आणि तिथला दुरुस्तीवाला आमच्याकडे आला. त्यानं आल्या आल्या एसीचं कपाट उघडलं.

"उन्हाळ्यात नेहमीचंच आहे," तो म्हणाला. "एसीचं पाणी जायची नळी तुंबते आणि पाणी खाली झिरपतं."

त्यानं नळी साफ केली. सरड्याचा पिंजरा दुसऱ्या कोपऱ्यात होता, त्यानं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि मी काही बोलले नाही. आमच्या भाडेकरारात कुत्री-मांजरींची परवानगी होती, सरड्याबद्दल एक अक्षर नव्हतं. नवरा म्हणाला होता, "विचारलंच नाही तर नाही कोण म्हणणार?" परक्या देशात, दुसऱ्याच्या नोकरीवर टेकलेल्या व्हिसावर राहताना माणूस लहान लहान गोष्टींना फार घाबरतो. दुरुस्तीवाला गेला आणि मी दार लावून तिथंच उभी राहिले. मला आतून माहीत होतं की पाणी एसीचं नाही. कुठलं आहे आणि कसं जातंय, हे मात्र कळत नव्हतं. मी टेबलाखाली हात घालून कार्पेट चाचपलं. कोरडं ठणठणीत. मग कसं?

आठवड्यानं दारावर टकटक झाली. खालच्या बाई. हातात फोन.

"डाग वाढलाय," त्यांनी मला फोटो दाखवला. त्यांच्या पलंगाच्या बरोबर वर, चहाच्या रंगाचा, बशीएवढा. "मी ऑफिसला अजून सांगितलं नाही. आधी म्हटलं तुला विचारावं. तुमच्याकडे झाडंबिडं आहेत का? रोज साधारण त्याच त्याच वेळी थेंबांचा आवाज येतो. सकाळी आठ, दुपारी बारा, चार, आणि मग सात."

त्या माझ्याच वेळा होत्या. मला खोटं बोलता आलं असतं. पण ज्या बाईनं डोक्यावरचे थेंब घड्याळ लावून मोजले, तिच्याशी खोटं बोलावंसं वाटेना.

"झाडांचं पाणी नाही," मी म्हणाले. "सरडा आहे."

"सरडा?"

"आत या. दाखवते."

त्या आल्या आणि पिंजऱ्यासमोर वाकून उभ्या राहिल्या. सरड्यानं एक डोळा त्यांच्याकडे वळवला. मी रडवेली होऊन सगळं सांगितलं. मित्र, टॉवेल, चोवीस भोकं, एसीवाला, माझं गप्प बसणं. शेवटचं सांगताना मान वर करवली नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते ऑफिसचं नंतर बघू. मला आधी सांग, चार कपांतलं तीन कप पाणी जातं कुठं?"

त्या क्षणी मला त्या बाई फार आवडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला सुट्टी होती. आम्ही तिघींनी प्रयोग मांडला. शाळेत आम्ही तेरड्याचं रोप लाल शाईच्या पाण्यात ठेवायचो आणि त्याच्या पारदर्शक दांड्यातून शाई वर चढताना बघायचो. दिसत नसलेल्या पाण्याला रंग द्यायचा, म्हणजे ते आपली वाट आपणच दाखवतं. मी केकमध्ये घालायचा लाल रंग फवाऱ्याच्या बाटलीत टाकला. सरड्याला काढून पडद्याच्या दांडीवर बसवलं. तिथं तो राजासारखा बसून राहिला. टेबलाखाली, भिंतीलगत, चारी पायांभोवती पांढरे पेपर टॉवेल पसरले. खालच्या बाईंनी आपली खुर्ची स्वतः ओढून घेतली. मुलगी पोटावर पालथी पडली, नाक टेबलाच्या पायाशी.

मी फवारायला लागले.

पहिल्यांदा काय दिसलं, तर भोकांपैकी चार-पाचच काम करतात. पत्रा मधे बसला होता आणि नवऱ्याची भोकं होती कडेनं. सगळ्यात खोल जागी एकही भोक नव्हतं, तिथं लाल डबकं साचलं. जे थोडं भोकांतून जात होतं, तेही सरळ खाली पडत नव्हतं. ते पत्र्याच्या खालच्या बाजूला चिकटून सरकत होतं आणि ट्रे चुकवून दुसरीकडेच गळत होतं.

"दुधासारखं," मी म्हणाले.

"काय?" बाईंनी विचारलं.

पातेल्यातून दूध हळूहळू ओतलं की ते पेल्यात न पडता पातेल्याच्या बाहेरून ओघळतं आणि ओट्यावर जातं, हे मी त्यांना हातानं करून दाखवलं. त्या हसल्या. "माझी आई त्याला चमचा लावायची," त्या म्हणाल्या. "माझीही," मी म्हणाले.

पण हे सगळं तरी टेबलावरच पडत होतं, मी ते रोज पुसत होते. त्यानं खालचं छत भिजणार नाही. मी फवारत राहिले. पाच मिनिटं गेली. पेपर टॉवेल पांढरेच.

"आई," मुलगी जमिनीवरून ओरडली. "मागे! भिंतीकडे बघ! इट्स पिंक!"

टेबलाच्या मागे, भिंत आणि टेबल यांच्यामधल्या हातभर फटीत, कागदावर एक गुलाबी ठिपका उमटला होता. बघता बघता तो रुपयाएवढा झाला, मग पुरीएवढा. मी वर पाहिलं. मनीप्लँटची एक वेल, उजेडाच्या ओढीनं, पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यातल्या फटीतून बाहेर पडली होती आणि खिडकीपर्यंत जायच्या बेतात खाली लोंबत होती. मीच तिला तीन महिन्यांपूर्वी कौतुकानं बाहेर काढलं होतं. पिंजऱ्यातल्या वरच्या सगळ्या पानांचं पाणी देठादेठांवरून त्या वेलीवर येत होतं आणि तिच्या अंगावरून, एक थेंबही न सांडता, चोरपावलांनी बाहेर जात होतं. तिच्या टोकाच्या पानावरून टप, टप. कार्पेट तिथं ओलंचिंब होतं. मी चाचपलं होतं ते पुढून, हात पोचत होता तिथपर्यंत.

तीन महिने माझं घर गळत होतं, खालच्या बाईंचं छत खराब झालं होतं, आणि तरी मला त्या घटकेला आनंद झाला होता, हे मी कबूल करते. कळल्याचा आनंद.

"किती हुशार," बाई म्हणाल्या. वेलीला म्हणाल्या की पाण्याला, कोण जाणे.

त्याच दुपारी मी लीझिंग ऑफिसमध्ये गेले. बाई माझ्याबरोबर आल्या, मी सांगितलं नसताना. तिथल्या मुलीला मी सगळं खरं सांगितलं. तिनं कॉम्प्युटरवर शोधलं, कुणाला तरी फोन केला आणि शेवटी म्हणाली की पिंजऱ्यातला प्राणी आणि टाकीतला मासा एकाच नियमात येतात, एक फॉर्म भरा. मी ज्याला तीन महिने घाबरले, ते एका पानाच्या फॉर्मवर मिटलं. कार्पेटचा तो तुकडा आणि खालचं अस्तर त्यांनी बदललं, त्याचा खर्च आम्ही दिला. बाईंच्या छताला रंग नवऱ्यानं स्वतः लावला, दोन हात.

मग पिंजऱ्याचं काम नव्यानं केलं. वेल आत घेतली, कोपऱ्यातली फट बंद केली. जुनी भोकं सीलंटनं बुजवली. पिंजऱ्याच्या मागच्या दोन पायांखाली लाकडाच्या पट्ट्या सरकवून त्याला पुढे उतार दिला, आणि पत्रा जिथं सगळ्यात खाली येत होता तिथं एकच मोठं भोक पाडलं. पाणी खालून चिकटून पळू नये म्हणून त्या भोकातून सुती दोरी ओवली, वर गाठ मारून, आणि तिचं टोक खालच्या बादलीत सोडलं. जी खोडी वेलीनं केली होती, तीच दोरीकडून करून घेतली. पाणी दोरी धरून गुपचूप उतरायला लागलं. पहिल्या दिवशी चार कपांपैकी अडीच कप बादलीत आलं. मी नवऱ्याला बादली दाखवली. तो दिवसभर नेटवर्कमधली गळती शोधणारा माणूस. बादलीत वाकून बघत म्हणाला, "म्हणजे माझी चोवीस भोकं…"

"सरळ रेषेत होती," मी म्हणाले. "छान दिसत होती."

तेव्हापासून खालच्या बाई बुधवारी दुपारी वर यायला लागल्या. मी चहा करायची, त्या सरड्यासमोर बसायच्या. चहात आलं जास्त लागतं म्हणायच्या आणि दुसरा कप घ्यायच्या. त्यांचं बालपण राज्याच्या पूर्वेकडच्या एका शेतावर गेलं होतं, तंबाखू आणि कोंबड्या. ऑक्टोबरातल्या एका बुधवारी त्या खूप वेळ पिंजऱ्याकडे बघत होत्या. सरडा दोन दिवसांपासून बेचैन होता. नेहमी वरच्या फांदीवर बसणारा, तो तळाशी उतरून चारी कोपरे हिंडत होता आणि मनीप्लँटच्या कुंडीतली माती उकरत होता. अंगावर निळे-पिवळे ठिपके आले होते. रातकिडे तोंडासमोरून गेले तरी बघत नव्हता. मला वाटलं, माझा उतार त्याला मानवला नाही.

"हनी," बाई म्हणाल्या, "तू याला 'तो' म्हणतेस. पण ही कोंबडी अंडं घालायला जागा शोधतेय."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही असल्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेलो, पाऊण तास ड्राइव्ह करून. एक्स-रेमध्ये तिच्या पोटात अंडी दिसली, द्राक्षांच्या घोसासारखी. डॉक्टर तरुण होती, शांत बोलणारी. तिनं सांगितलं की नर नसला तरी या जातीची मादी अंडी धरते, फक्त त्यांतून पिल्लं होत नाहीत. पण घालावी लागतात. तिला मनासारखी जागा मिळाली नाही तर ती अंडी अडवून ठेवते आणि त्यातच मरते.

"जागा कशी हवी?" मी विचारलं.

"ओली वाळू. खोल. तिला त्यात बोगदा खणता आला पाहिजे. कोरडी असेल तर बोगदा ढासळतो. फार ओली असेल तर तिला आवडत नाही."

परतताना गाडीत मुलगी खोका मांडीवर घेऊन बसली होती. मग म्हणाली, "आई, इफ ही इज अ शी… सरडाचं काय होतं? सरडी?"

मराठीत सरडा तो असतो, पाल ती असते, बेडूक तो. आपण प्राण्याकडे न बघताच ठरवून टाकलेलं असतं. मित्रानं तो म्हटलं, आम्ही तो म्हटलं, आणि भाषेनं आम्हाला एकदाही अडवलं नाही. पुण्याला मित्राला फोन करून सांगितलं, तेव्हा तो आधी मोठ्यानं हसला. मग म्हणाला, "वहिनी, मी दीड वर्ष तिच्याशी 'काय रे बाबा' असं बोलत होतो."

घरी आल्यावर कामाला लागलो. पाच महिने मी पिंजऱ्यातून पाणी बाहेर काढायला शिकले होते, आता पाणी धरून ठेवायचं होतं. नवऱ्यानं मुलांच्या खेळायची धुतलेली वाळू आणली. अपारदर्शक खोल डबा घेतला. मी त्यात पाणी घालत गेले आणि हातानं कालवत गेले. किती ओली म्हणजे बरोबर, हे कुठल्या मापात सांगता येत नव्हतं. बेसनाच्या लाडवाचं मिश्रण वळायला आलं की नाही हे जसं मुठीत घेऊन बघतात, तसं मी बघत होते. मूठ दाबली की मुटका झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी निघता कामा नये. मग मुलीनं मुठीनं करून पाहिलं. बाईंनीही वर येऊन करून पाहिलं. शेवटी मी वाळूत दोन बोटं घालून भोक केलं आणि मोजून दहा मिनिटं थांबले. ढासळलं नाही.

डॉक्टरनं एक गोष्ट बजावून सांगितली होती. ती खणत असताना तिला कुणी दिसलं तर ती काम सोडून देते, आणि पुन्हा सुरू करेलच असं नाही. म्हणून पिंजऱ्याला चादर लावायची आणि बघायचं नाही.

ही शिक्षा आमच्या घराला फार कडक होती. शुक्रवारी सकाळी ती डब्यात उतरली. मुलीला शाळेत पाठवलं. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत बसले आणि कान तिकडे लावले. बारीक खरखर यायची, थांबायची, पुन्हा यायची. फवारणीच्या वेळेला मी चादरीत फक्त हात घालून वरच्या पानांवर पाणी मारलं, डोळे मिटून, जणू मी बघितलं नाही तर तीही मला बघणार नाही. शाळेतून आल्या आल्या मुलगी कुजबुजत म्हणाली, "एनीथिंग?"

"आवाज येतोय."

"कॅन आय जस्ट…"

"नाही."

आम्ही दोघी चादरीकडे पाठ करून सोफ्यावर बसलो. नवरा ऑफिसातून आला आणि आम्हाला असं बसलेलं बघून काही न विचारता तोही येऊन बसला. शनिवारी दुपारपर्यंत खरखर चालू होती. मग पूर्ण थांबली. तासभर वाट बघून मी चादर उचलली. वाळू वरून सपाट केलेली होती, थापटून थापटून, खाली काही आहे असं कुणाला वाटू नये अशी. आणि ती वरच्या फांदीवर, अंगभर वाळूनं माखलेली, पोट आत गेलेलं, डोळे मिटलेले. अर्ध्या रुंदीची झाली होती. मी फवारा मारला तशी तिनं डोळे उघडले आणि प्यायला सुरुवात केली. सलग वीस मिनिटं ती पीत होती. माझा हात भरून आला, मग मुलीनं बाटली घेतली.

वाळूत एकतीस अंडी निघाली. पांढरी, चामड्यासारखी, शेंगदाण्याएवढी. मुलीला ती फेकवेनात. तिला कळत होतं त्यांत काही नाही, तरी खात्री करायची होती. आम्ही एक अंडं बशीत घेऊन सुरीनं उघडलं. आत फक्त पिवळं होतं, दाट. तिनं मराठीत विचारलं, "तिला माहीत होतं का, की रिकामी आहेत?"

"मला नाही वाटत," मी म्हणाले. पण मला खरंच माहीत नव्हतं, आणि अजूनही नाही.

डॉक्टरच्या सांगण्यावरून आम्ही तिचं खाणं कमी केलं आणि दिव्याची उष्णता थोडी उतरवली, म्हणजे पुढच्या वेळी अंडी कमी होतील. तशी ती झाली. वाळूचा डबा आता पिंजऱ्यात कायमचाच असतो, आणि दर आठवड्याला मी मुठीनं तपासते. माझी कामाची परवानगी आली. इथल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत मी अर्धा दिवस जाते. खालच्या बाई आता बुधवारऐवजी शनिवारी येतात, आणि मी नसले तर दुपारचा फवारा त्याच मारतात. किल्ली त्यांच्याकडे असते.

या वर्षी वसंतात ती पुन्हा डब्यात उतरली, तेव्हा मुलगी शाळेच्या सहलीला पर्वतात गेली होती, तीन दिवस. मी तिला मेसेज केला, अठरा अंडी घातली, ती बरी आहे, पाणी प्यायली. बराच वेळ उत्तर आलं नाही, तिकडे रेंज नसावी. संध्याकाळी फोन वाजला. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं एक मराठी वाक्य होतं:

"वाळू बरोबर ओली होती ना?"

"होती," मी लिहिलं, आणि वाळूचा रिकामा डबा धुवायला नळाखाली धरला.